सारसाचा मध्यम आणि मारोतीबुवांची झील

कन्हानचा पूल मागे पडला आणि मला पहिल्यांदा वाटले की आपण मूर्खपणा करीत आहोत. वयाची बावन्न वर्षे उलटलेला संगीतशिक्षक दिवाळीच्या सुटीत, घरचा फराळ सोडून, एका पक्ष्याचा सूर तपासायला गाडीत बसतो, हे कोणाला सांगितले असते तर त्याने आधी माझी प्रकृती विचारली असती. बायकोने विचारलीच होती. मी तिच्यावर वसकन ओरडलो, मग चिवड्याचा डबा निमूटपणे पिशवीत घातला आणि स्टेशन गाठले.

झाले होते असे. तीस वर्षे मी नागपुरात मुलींना गाणे शिकवीत आलो. पहिल्या आठवड्यात सप्तस्वरांची उत्पत्ती सांगायची: षड्ज मोराचा, पंचम कोकिळेचा, मध्यम क्रौंचाचा. मुली वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, संपले. या वर्षी मात्र कौसल्या नावाची मुलगी उभी राहिली. झाडीपट्टीतली, बोलायला सडेतोड. क्रौंच म्हणजे सारसच ना, असे तिने विचारले. विद्वानांत मतभेद आहेत, असे मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही स्वतः ऐकला आहे का?" मी तिला खाली बस म्हणालो. पण ते कुसळ आत राहिलेच. आठ दिवसांनी मीच तिला बोलावून विचारले, तुमच्या गावच्या तलावावर सारस आहेत म्हणतेस, ते कार्तिकात बोलतात का? तिच्या वडिलांचे आमंत्रणाचे पत्र चौथ्या दिवशी हजर.

गोंदियाला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. फलाटावर सगळी हिंदी. राज्य बदलून जेमतेम आठ-पंधरा दिवस झाले होते, आणि आपण आता मुंबई राज्यात आहोत यावर दोन विडीवाले व्यापारी हिंदीतून वाद घालीत होते. चहावाल्याला मी साखर कमी सांगितली. त्याने "मास्टरजी, शक्कर तो डल गई" म्हणत कप हातात दिला. मी चिडलो आणि तो पाक प्यालो. पुढे छोट्या रुळांची गाडी. ती इतकी सावकाश चालते की शेतातला माणूस तिच्या बरोबरीने चालत गप्पा मारू शकतो, आणि एक जण खरोखर मारीत होता. दोन्ही बाजूंना धान पिवळे पडले होते, कुठे कापणी चालू होती. दर मैलाला एक तळे लागे.

अर्जुनीच्या स्टेशनावर कौसल्याचे वडील लक्ष्मणजी रेंगी (हलकी, टप असलेली बैलगाडी) घेऊन उभे होते. उंच, सावळे, कमी बोलणारे. हे कोहळी शेतकरी. या मुलखातली कितीतरी तळी त्यांच्या जातभाईंनी पिढ्यान्‌पिढ्या माती वाहून बांधली, हे मी ऐकून होतो. वाटेत एका लांबलचक पाळीकडे (तलावाचा बांध) बोट दाखवून ते म्हणाले की ही आमच्या पणज्याची. एवढेच. मी असतो तर तासभर सांगितले असते.

जेवायला नव्या तांदळाचा भात, पोपटाच्या (वालाच्या) शेंगांची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. वड्यांत हिरवी मिरची अख्खी होती, हे मला उशिरा कळले. कौसल्याची आई ताकाचा गडू पुढे सरकवून गेली. कौसल्या मात्र हसली, आणि वर्गात मी तिला बसवले होते त्याची फिटंफाट झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच पाळीवर गेलो. वाटाड्या नको म्हणालो; मला काय, पक्षी तर बघायचा होता. खिशात पिपाणी होती, फुंकली की ठरावीक सूर देणारी, तंबोरा जुळवताना वापरतात ती. दूर पाण्याच्या कडेला माणसाएवढे उंच, राखी रंगाचे, लाल डोक्याचे दोन पक्षी उभे दिसले. मी घाईने उतरायला गेलो आणि दवाने ओल्या गवतावरून घसरून गुडघाभर चिखलात बसलो. पिपाणी आधी आत गेली, मग मी. सारस उडून पलीकडच्या काठाला गेले. पिपाणी सापडली, पण तिच्यात आता फक्त चिखलाचा सूर होता.

लक्ष्मणजी हसले नाहीत. त्यांनी पंचा दिला आणि म्हणाले की सारस ऐकायचे तर मारोतीबुवांबरोबर जायला पाहिजे. त्यांच्याएवढा त्या पाखरांचा माहीतगार गावात नाही. पण सध्या त्यांचे मन ठिकाणावर नाही. का, ते त्यांनी दुपारी मला दंडारीच्या तालमीला नेता नेता सांगितले.

दंडार म्हणजे या भागातला नाचून-गाऊन, उभ्याने करायचा खेळ. दिवाळीनंतर गावोगाव मंडई (जत्रा) भरते, तेव्हा प्रत्येक गावाची दंडार उठते. पुढे एक म्होरक्या असतो, तो लांब ओळ म्हणतो. त्याच्या बाजूला झीलकरी. तो ओळीचा शेवटचा शब्द उचलतो आणि वर "जी रे जी" अशी झील ओढतो. या गावची म्होरकी चाळीस वर्षे गोविंदाजींकडे होती आणि झील त्यांच्या धाकट्या भावाकडे, मारोतीबुवांकडे. जेठात गोविंदाजी दम्याने गेले. गावाची रीत अशी की म्होरक्या गेला त्या वर्षीच्या मंडईत त्याच्या जोडीदाराने आधी त्याचे निरोपाचे गाणे पार पाडायचे. गाणे ठरलेले, गोविंदाजींचे आवडते, पाच कडव्यांचे. ते झाल्याशिवाय दंडार उठत नाही, आणि ते बिघडले तर गेलेल्याचा गळा गावात अडकून राहतो असे म्हणतात. मी मनात म्हटले, अंधश्रद्धा. पण लक्ष्मणजींचा चेहरा बघून तोंडातून काढले नाही.

अडचण अशी होती की मारोतीबुवांचे जुळत नव्हते. म्होरक्या म्हणून शेजारच्या गावचा देवाजी आणला होता. तिशीचा, मोकळ्या गळ्याचा, दमदार. चार तालमी झाल्या आणि चारही बिघडल्या. दळातल्या (दंडारीच्या मंडळीतल्या) लोकांनी ठरवले होते की उद्याही असेच झाले तर निरोप दुसऱ्या झीलकऱ्याकडून करून घ्यायचा.

तालीम पाळीखालच्या आंब्याच्या झाडाखाली होती. मारोतीबुवा म्हणजे किडकिडीत म्हातारा, पांढरी बंडी, हातात टाळ. देवाजीने ओळ घेतली, गळा खरेच छान होता, आणि ओळ अजून संपायची तोच म्हाताऱ्याने झील उचलली. दोन आवाज एकमेकांवर आदळले. ढोलकवाला थांबला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच, त्याच जागी. तिसऱ्यांदा देवाजी म्हणाला, "बुवा, मी तर अजून म्हनूनच राहिलो. तुमी काऊन आदी येऊन राहिले?" बुवांनी नुसती टाळ सावरली. कोणीतरी मागे हळूच म्हणाले की म्हातारपण आहे. मलाही तेच वाटले. तालात चुकणाऱ्याची मला कीव येत नाही, राग येतो. वर्गात मी मुलींच्या हातावर पट्टी मारीत आलो आहे. पण हा माणूस वेगळा चुकत होता. घाबरलेला माणूस कधी आधी येतो, कधी नंतर. हा दर वेळी नेमका तेवढाच आधी येत होता. ते मला खटकले, पण उलगडले नाही.

तालीम मोडल्यावर मी त्यांना सारसांचे विचारले. त्यांनी माझ्या चिखलाने भरलेल्या धोतराकडे पाहिले आणि सकाळी या म्हणाले.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही पाळीवर जाऊन बसलो. बुवांनी मला बेशरमीच्या झुडपामागे बसवले आणि बोलायचे नाही असे खुणेने सांगितले. थंडी होती. पाण्यावर धुके होते, त्यात पाणकोंबड्या कुरकुरत होत्या. एक टिटवी उगाच ओरडून गेली. सूर्य वर यायच्या सुमारास सारसांची जोडी धानाच्या बांधीतून (बांध घातलेले शेत) चालत पाण्याकडे आली. नराने मान मागे टाकली, चोच आभाळाकडे केली, पंख किंचित उचलले आणि एक लांब आवाज दिला. त्याला लागून मादीचे दोन आखूड. पुन्हा नराचा लांब, मादीचे दोन आखूड. माझ्या छातीत तो आवाज घुमला हे मी कबूल करतो. एवढा मोठा आवाज पाखराच्या गळ्यातून येईल असे वाटले नव्हते.

आणि मध्यम? छे! तो आवाज एका सुरावर सुरू होई, वर सरके, कापे आणि तुटे. पिपाणी धड असती तरी काही उपयोग झाला नसता. पाखरे उडून गेल्यावर मी बुवांना ते सांगितले, बऱ्याच नाराजीने, जणू त्यांनीच मला फसवले होते. त्यांना मध्यम म्हणजे काय ते माहीत नव्हते. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की सुराचे मला समजत नाही, तुम्ही सांधा पाहिला का? मादी कधी येते ते पाहिले का?

मी पाहिले नव्हते. आम्ही तसेच बसून राहिलो. घटकाभराने ती जोडी पलीकडच्या काठावरून पुन्हा बोलली, आणि या वेळी मी मांडीवर बोटांनी मात्रा मोजल्या. नराचा आवाज संपायच्या आत मादी येत होती. दर वेळी. पाव मात्रा आधी. माझ्या वर्गात तिला पट्टी बसली असती.

"दुरून एकच पाखरू बोलते असं वाटते ना जी?" बुवा म्हणाले. "थे तिच्यापायी. ती थांबली असती त मधात फट पडली असती."

कालचा आंबा, कालची तालीम, ती नेमकी चूक, सगळे एकदम समोर आले. गोविंदाजींना दमा होता. मी विचारले की शेवटी शेवटी त्यांची ओळ पुरी होत नव्हती का? बुवा बराच वेळ गवताच्या काड्या मोडीत राहिले. मग म्हणाले, "सहा सालं झाले. त्याचा दम ओळीत सरे. लोकाइले समजू नये म्हनून मी आदीच उचलो. कोनालेच समजलं नाही."

आणि गोविंदाजींना? ते मात्र आपल्याला माहीत नाही, असे ते म्हणाले. दोघा भावांत त्यावर कधी शब्द झाला नाही. आता गळ्याला तीच सवय लागली आहे. देवाजीचा दम चांगला आहे हे कानाला कळते, पण त्या जागेवर आले की थांबवत नाही.

मी म्हणालो, सारसाची जोडी फुटली की मागे राहिलेला पक्षी अन्नपाणी सोडून मरतो म्हणतात. असे काहीतरी म्हणावेसे वाटले म्हणून म्हणालो. त्यांनी मान हलवली. "नाही मरत जी. जगून राह्यते. मी पाह्यलो." एवढे बोलून ते उठले आणि धान कापायला गेले. मी पाळीवर बसून राहिलो. आपण तीस वर्षे लय शिकवली आणि दुसऱ्याचा श्वास मोजणे ही गोष्ट एकदाही वर्गात सांगितली नाही, हे मला फार लागले.

लागले तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मी पडलो मास्तर. चूक सापडली की उपाय सुचतोच. मी तडक देवाजीला गाठले, त्याला आंब्याखाली नेले आणि तासभर शिकवले की ओळीच्या पाऊण जागेवर असा तुटका श्वास घे, आवाज सोड, शेवटचा शब्द पुसट ठेव, म्हणजे बुवांची झील बरोबर बसेल. देवाजी हुशार. त्याने ते हुबेहूब उचलले. त्याने गोविंदाजींना शेवटच्या दुखण्यात पाहिलेही होते. दम्याची ती घरघरसुद्धा त्याने थोडी घातली. मी वा म्हणालो. मला किती आनंद झाला होता, आज आठवले की कान गरम होतात.

दुपारी तालीम उभी राहिली. देवाजीने ओळ घेतली, पाऊण जागेवर श्वास तुटला, आणि बुवांची झील त्या फटीत अशी बसली की ढोलकवाल्याने मान डोलावली. दुसरी ओळ. तिसरी. दळातले लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. जमले म्हणाले. चौथ्या ओळीला बुवांनी टाळ खाली ठेवली. ते माझ्याकडेच वळले. यामागे कोण आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"गुरुजी, माहा भाऊ मरून राहिला होता तवा असा दम घेत होता. मी त्याले झाकत होतो. तुमी त्याले उघडा करून राहिले."

आणि ते पाळीवरून घराकडे निघून गेले. त्यांच्या मागे कोणी गेले नाही. देवाजीचा चेहरा पांढरा पडला. त्या पोराचा काही दोष नव्हता. मी त्याला तसे सांगितले. लाज वाटली म्हणणे सोपे आहे. मला त्या क्षणी पहिल्या गाडीने पळून जावेसे वाटत होते.

कौसल्याने मला पळू दिले नाही. ती माझ्यावर चिडली होती, पण तोंडाने फक्त म्हणाली की चला, मी घर दाखवते. बुवांचे घर गावाच्या टोकाला होते. ओसरीवर गोविंदाजींची बायको धान पाखडत होती. तिने पाणी दिले आणि सूप घेऊन आत गेली. बुवा पेंढ्या बांधायचे बंद (गवताचे दोर) वळत बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि माफी मागितली. त्यांनी दोन-तीन बंद वळून पुरे केले. मग म्हणाले की दळातले लोक माझे ऐकणार नाहीत, मी त्यांच्यासाठी चुकणारा म्हातारा आहे. तुम्ही शहरचे गुरुजी, तुमचे ऐकतील. त्यांना एवढेच सांगा की उद्या निरोपाला मी उभा राहतो आणि माझ्या पुढे कोणी उभे राहू नये. ओळ कोणी म्हणू नये.

मी विचारले, मग ओळ? त्यावर त्यांनी नवा बंद वळायला घेतला.

दळातली मंडळी ऐकायला तयार नव्हती. झील म्हणजे उत्तर. प्रश्नच नसला तर उत्तर कशाला, असे ढोलकवाला म्हणाला, आणि त्याचे म्हणणे शास्त्रात बसणारे होते. मंडईला दहा गावांचे लोक येतात, त्यांच्यासमोर गावाची शोभा होईल, असे दुसरा म्हणाला. मी शास्त्र सांगितले नाही. सकाळी पाळीवर सारसांची जोडी कशी बोलताना ऐकली ते सांगितले, आणि मी दुपारी काय पाप केले तेही. गोविंदाजींच्या दमाचे मात्र नाव काढले नाही. ते एकदा उघडे केले होते, पुन्हा करायचे नव्हते. शेवटी देवाजीच म्हणाला की होऊ द्या बुवांच्या मनासारखे, मी बाजूला उभा राहतो. बिघडले तर मी सांभाळून घेईन.

चौथ्या दिवशी मंडई. सकाळपासून रेंग्या आणि पायी माणसे येत होती. मुरमुरे, जलेबी, बांगड्या, मातीची भांडी, गुळाची ढेप. एका दुकानदाराशी मी नव्या पिपाणीवरून घासाघीस केली आणि ती न घेताच निघालो. मन लागत नव्हते. जेवणवेळ टळल्यावर आंब्याखाली लोक दाटले. मध्ये जागा मोकळी ठेवली. ढोलकवाला बसला. मारोतीबुवा एकटेच आत आले आणि म्होरक्याच्या जागी नाही, तर आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या अंगाला उभे राहिले. त्यांच्या उजवीकडे एका माणसाची जागा रिकामी होती.

ढोलक सुरू झाली. ओळीची वेळ आली आणि कोणी काही म्हटले नाही. नुसती ढोलक. लोकांत चुळबुळ झाली. एक बाई म्हणाली, "काय होऊन राहिलं बाप्पा?" आणि मग, गोविंदाजींची ओळ जिथे तुटली असती तिथे, बुवांनी शेवटचा शब्द उचलला. जी रे जी. पुन्हा नुसती ढोलक. पुन्हा शेवटचा शब्द.

दुसऱ्या कडव्यापर्यंत चुळबुळ थांबली. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्यांनी ते गाणे चाळीस वर्षे ऐकले होते. ओळ त्यांच्या आत चालू होती आणि म्हातारा बाहेरून तिला सांधत होता. मी ते गाणे धड ऐकलेले नव्हते, तरी तिसऱ्या कडव्याला मला त्या मोकळ्या जागेत कोणीतरी गातो आहे असे वाटायला लागले. गोविंदाजींची बायको बायकांत बसली होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती मान खाली घालत नव्हती, सरळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत होती. झील दर वेळी पाव मात्रा आधी येत होती आणि आज ती चूक कोणाच्याच कानाला वाटली नाही.

पाचव्या, शेवटच्या कडव्याला मात्र गडबड झाली. झिलेची जागा आली आणि बुवा आलेच नाहीत. माझी मांडीवरची बोटे थांबली. देवाजी एक पाऊल पुढे सरकला. मग सावकाश, पुरी अर्धी मात्रा उशिरा, बुवांनी झील घेतली. पुढच्या ओळीला तेच. त्याच्या पुढच्या ओळीला तेच. कडवे संपले, बुवांनी टाळ कपाळाला लावून देवाजीच्या हातात दिली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. ढोलक वाढली, दळ आत शिरले, दंडार उठली. लोक म्हणत होते की म्हाताऱ्याने पार पाडले, शेवटी थोडा ढासळला, माणूसच आहे. मीही लक्ष्मणजींना तेच म्हणालो. चार कडवी धीर धरला, पाचव्याला दुःखाने गाठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंगी जोडली. कौसल्याच्या आईने नव्या तांदळाची पिशवी आणि वडे बांधून दिले, या वेळी मिरच्या काढून. गावाबाहेर पाळीच्या वळणावर बुवा उभे होते. ते रेंगीच्या बाजूने चालू लागले. बैल संथ होते, म्हाताऱ्याला सहज जमत होते. बराच वेळ ते धानाबद्दल बोलले. मग म्हणाले, "आखरीच्या कडव्याले मी चुकलो असं म्हनले ना तुमी?"

लक्ष्मणजींनी सांगितले असणार. मी हो म्हणालो.

"चुकलो नाही जी. चार कडवे मी त्याले झाकलो. आखरीचं त्याले पुरं म्हनू देलो. जवान होता तवा म्हने, तसं."

डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. तिथे कोणापासून लपवायचे होते? बुवांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि ते आल्या वाटेने परत फिरले. रेंगी स्टेशनला लागेपर्यंत लक्ष्मणजींनी एकदाही मागे वळून माझ्याकडे पाहिले नाही. त्यांचे मी मनातून आभार मानले.

परतीच्या गाडीत मी वही काढली. पक्ष्यांचे गाणे आणि माणसाचे गाणे यांत साम्य काय, यावर एका मासिकासाठी काहीतरी लिहायचे होते. सूर सारखे आहेत असे मला म्हणता येत नाही. सारसाचा सूर माझ्या कोणत्याच पट्टीत बसला नाही. पण सारसाची मादी आणि मारोतीबुवा या दोघांनाही जे येत होते, ते मला येत नव्हते. शेजारच्याचा दम कुठे सरतो हे ओळखून तिथे उभे राहणे, आणि ते कोणाला कळू न देणे. गाणे तिथून सुरू होत असावे. हे लिहिले, आणि तिरोड्याच्या आसपास खोडून टाकले. फार शहाणपणाचे वाटले. आता पुन्हा लिहितो आहे, कारण त्यापेक्षा खरे काही मला सापडले नाही.

नागपूरला आलो त्याच संध्याकाळी भाऊराव आले. माझ्या गाण्याला ते बावीस वर्षे तबल्याची साथ करतात. दर बुधवारी आमची बैठक असते आणि दर बुधवारी मी त्यांना कशावरून तरी टोकतो. ते हातोडीने तबला जुळवीत बसले. मी तंबोरा मांडीवर घेतला आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारले, "भाऊराव, अलीकडे माझा दम कुठे तुटतो?"

त्यांनी वर पाहिले नाही. "अंतऱ्याच्या दुसऱ्या तानेला," ते म्हणाले. "चार वर्षं झाली."

हातोडी पुन्हा चालू झाली. मी खुंटी पिरगाळत बसलो, आणि त्या दिवशी तंबोरा जुळायला फार वेळ लागला.